घडीची बाबागाडी कुठून आली

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, शिल्लक मोजून झाली, सह्या झाल्या. आता उठायचं, एवढ्यात आमच्यातल्या एकीने विषय काढला. तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे, पण अजून आपल्या पायावर उभा राहत नाही. वजन बारा किलो. दर पंधरा दिवसांनी ती त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायामासाठी नेते. गावातून एसटी, स्टँडवरून रिक्षा, आणि मग दवाखान्याचा तो लांबलचक व्हरांडा. एका कडेवर पोरगं, खांद्याला पिशवी, हातात फाईल. तिचं बाळंतपण सिझरचं झालेलं, तेव्हापासून कंबर धरते. ती म्हणाली, "शहरात बायका ढकलतात ना, तसली घडी घालायची गाडी घेऊ म्हणते. गटातून उचल मिळेल का?"

लगेच दोन बाजू पडल्या. कुणी म्हणालं, द्या की. कुणी म्हणालं, कर्ज शेळीसाठी असतं, शिलाई मशीनसाठी असतं, पोराच्या गाडीसाठी असतं का? आमच्या एक मावशी आहेत, पासष्टी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, "पाच पोरं कडेवर वाढवली मी. हे साहेबी चोचले कशाला?" विषय तिथेच थांबला. विचारणारी खाली बघत बसली. ते काही आम्हाला बरं वाटलं नाही.

पण मावशींचा 'साहेबी' हा शब्द आमच्या डोक्यात राहिला. ही गाडी खरंच साहेबाची आहे का? कुणी काढली, कुणासाठी काढली, आणि ढकलत कोण होतं? आम्ही चौघींनी मिळून जमेल तेवढी माहिती काढली. तीच आज सांगतो.

पहिलं म्हणजे, मावशी अर्ध्या बरोबर निघाल्या. आपण या गाडीला बाबागाडी म्हणतो. इंग्रजांच्या काळात बंगल्यावरचे नोकर साहेबाच्या लहान मुलांना 'बाबा' म्हणायचे, मुलं सगळी मिळून 'बाबालोक'. आपण बापाला बाबा म्हणतो, ते लेकराला बाबा म्हणत. आपल्या पाळण्याला, झोळीला, पांगुळगाड्याला कुणी बाबा लावत नाही. तेव्हा गाडीच्या नावालाच बंगल्याचा वास आहे.

इंग्लंडात सुद्धा ही गाडी गरिबाघरची नव्हती. 1733 साली डेव्हनशायरच्या ड्यूकने, म्हणजे तिथल्या एका बड्या जहागीरदाराने, विल्यम केंट नावाच्या कारागिराकडून आपल्या मुलांसाठी एक छोटी गाडी करवून घेतली. आकार शिंपल्यासारखा, आणि ओढायला बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायचं. ती होती नुसती हौस. मुलांना बागेत फिरवायची. पुढे शंभरेक वर्षांनी मागून ढकलायच्या गाड्या आल्या, राणी व्हिक्टोरियाने आपल्या मुलांसाठी घेतल्या आणि मग बड्या घरच्यांना ती प्रतिष्ठेची वस्तू झाली. 1877 साली लीड्स शहरात विल्यम विल्सन याने सिल्व्हर क्रॉस नावाचा कारखाना काढला. तिथल्या गाड्या म्हणजे छोटी बग्गीच. मोठाली चाकं, खाली स्प्रिंगा, वर छत. दारात ठेवली तरी चार माणसं बघत राहावीत अशी.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात विल्यम रिचर्डसन नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस होता. 1889 साली त्याने एका सुधारणेचं पेटंट घेतलं. बाळाची बैठक अशी केली, की ती उलटी फिरवता यावी. म्हणजे हवं तर बाळाचं तोंड रस्त्याकडे, हवं तर आईकडे. चाकंही वेगवेगळी फिरायची, त्यामुळे गाडी जागच्या जागी वळायची. तोवर बाळाला आई दिसते का, याचा विचार कुणी फारसा केला नव्हता असं दिसतं. कारण उघड आहे. ढकलणारी बहुतेक वेळा आई नव्हतीच.

आणि इथेच या गोष्टीत आपल्याकडची बाई येते. आयाची गोष्ट आम्हाला आधी ठाऊक नव्हती. कळली तेव्हा गाडी बाजूला राहिली आणि आम्ही बराच वेळ त्याच बाईबद्दल बोलत बसलो.

साहेबाच्या घरी मूल सांभाळायला आया असायची. जुन्या फोटोंत बघा, झाडाखाली मोठी चाकाची गाडी, गाडीत टोपी घातलेलं गोरं मूल, आणि दांड्याला धरून उभी असलेली लुगड्यातली बाई. तिचं नाव फोटोखाली सहसा नसतं. पण तिचं काम बंगल्याच्या फाटकाशी संपत नव्हतं. साहेबाचं कुटुंब बोटीने विलायतेला निघालं, की मुलांना सांभाळायला आया बरोबर. 1869 साली सुएझचा कालवा उघडला, त्यानंतर मुंबईहून लंडनचा प्रवास काही आठवड्यांवर आला. पण ते आठवडे बोटीवरचे. मडमेला बोट लागलेली, मुलं रडताहेत, ओकताहेत, आणि आया त्यांना खांद्यावर घेऊन डेकवर फेऱ्या मारते आहे. पोराला घेऊन लांबचा प्रवास कसा करायचा, या प्रश्नाचं त्या काळच्या साहेबाचं उत्तर एवढंच होतं. एक बाई बरोबर घ्यायची.

काही आयांनी तर अशा कितीतरी खेपा केल्या. बोटीच्या यादीत मात्र त्यांची नोंद बहुतेक वेळा 'अमक्या मडमेची आया' अशीच. लंडनला पोचल्यावर काही कुटुंबं तिचं परतीचं तिकीट काढून देत, काही देत नसत. काम संपलं, आता जा. कुठे जायचं? भाषा येत नाही, थंडीचे कपडे नाहीत, मुंबई सहा हजार मैलांवर. अशा बायकांसाठी लंडनमध्ये एक वसतिगृह निघालं, त्याला आयांचं घर म्हणत. 1900 साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आलं. एका ख्रिस्ती मिशनने ते चालवलं. हिंदुस्थानाकडे परत निघालेल्या एखाद्या कुटुंबाशी आयाची गाठ घालून द्यायची, म्हणजे ती त्यांची मुलं सांभाळत घरी पोचेल, असं तिथलं काम चाले. चीनकडच्या बायकाही तिथे असत. 2022 साली त्या घरावर निळी पाटी लागली. थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात तसली. एवढी वर्षं शेजारच्यांनाही ते घर कसलं होतं याची फारशी आठवण उरली नव्हती.

आमच्या मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिची स्वतःची पोरं कुठं असतील गं?" आम्हाला सांगता आलं नाही.

आता साहेबाचे दिवस संपले. दुसरं महायुद्ध झालं, त्यानंतर इंग्लंडातल्या साध्या घरांतून बायका स्वतःच मूल घेऊन बाहेर पडू लागल्या. गाडी मात्र अजून तीच जड. घरापासून दुकानापर्यंत ठीक. पण बसमध्ये चढवायची कशी, आगगाडीत कुठे ठेवायची? ही अडचण एका आजोबांनी सोडवली.

त्यांचं नाव ओवेन मॅक्लारेन. विमानाचे इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचं स्पिटफायर नावाचं लढाऊ विमान फार गाजलं होतं. त्याची चाकं उडाल्यावर दुमडून पंखात जायची आणि उतरताना पुन्हा बाहेर यायची. ती दुमडणारी रचना आखण्याचं काम मॅक्लारेन यांनी केलेलं. पंख पातळ, आत जागा इतकीशी, वजन जास्त चालणार नाही, आणि तरीही उतरताना सगळ्या विमानाचा भार त्या दोन पायांवर. असल्या कामात ज्याचा हात बसला, त्याला घडी म्हणजे काय ते कळतं.

पुढे ते निवृत्त झाले. एकदा त्यांची लेक परदेशाहून तान्ह्या नातवंडाला घेऊन माहेरी आली. बरोबर ती अवजड गाडी. लेकीची त्या गाडीशी चाललेली झटापट आजोबांनी बघितली आणि ते कामाला लागले. आपल्याकडे लेक माहेरी दमून आली, की आई म्हणते, बस, पाणी घे. या बापाने ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या.

1965 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या गाडीत नवीन काय होतं? आधीच्याही काही गाड्या दुमडायच्या, पण आडव्या, पाटासारख्या. दुमडली तरी हातात मावेना. मॅक्लारेन यांनी नळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या आणि सांध्यांवर अशा बसवल्या, की गाडी वरून खाली नव्हे, तर बाजूंनी आत मिटावी. आपली छत्री मिटते तशी. मिटली की लांब काठीसारखी होते, काखेत बसते, दाराच्या मागे उभी राहते. दांडेही दोन, छत्रीच्या मुठीसारखे वाकवलेले. बैठक नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची. सगळ्याचं वजन तीन किलोच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या भरल्या कळशीपेक्षा कितीतरी हलकी. एका हातात मूल असलं, तरी दुसऱ्या हाताने आणि पायाने ती मिटवता येई.

बार्बी नावाच्या खेड्यात त्यांचं घर होतं. तिथल्या घोड्यांच्या पागेतच त्यांनी कारखाना सुरू केला आणि 1967 पासून गाड्या विकायला काढल्या. दहा वर्षांत विक्री लाखांच्या घरात गेली. 1978 साली ते वारले. आज तालुक्याच्या बाजारात जी घडीची गाडी टांगलेली दिसते, तिच्या सांध्याकडे नीट बघा. ती फुली अजून तिथे आहे.

या गोष्टीची वाईट बाजूही सांगितली पाहिजे. जिथे सांधा आहे तिथे बोट अडकणारच. मॅक्लारेन यांच्या नावाने चालणाऱ्या कंपनीने 2009 साली अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत इशारा दिला. गाडी उघडताना मुलांची बोटं बिजागरीत सापडली होती आणि बारा मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याची नोंद झाली होती. कंपनीने बिजागरीवर चढवायला कापडी झाकणं वाटली. चाळीस वर्षं जी घडी सगळ्यांनी वाखाणली, तिनेच हे केलं. म्हणून गाडी उघडताना आणि मिटवताना मूल हातभर लांब हवं. ज्या बाईला एकटीने हे करायचं आहे तिने मूल आधी बाकावर बसवावं, मग गाडीला हात लावावा.

आता एक गंमत. इंग्लंडात अशी गाडी हलकी होत होती, त्याच काळात अमेरिकेतली ॲन मूर नावाची एक नर्स आफ्रिकेत टोगो देशात सेवेसाठी गेली होती. तिथल्या बाया बाळाला फडक्याने पाठीला बांधून बाजारात जातात, काम करतात, आणि बाळं रडत नाहीत, हे तिने बघितलं. परत गेल्यावर स्वतःचं बाळ तसंच बांधायला गेली, तर ते घसरे. मग तिने आपल्या आईकडून एक शिवलेली झोळी करून घेतली. 1969 साली तिचंही पेटंट झालं, आणि ती 'स्नगली' या नावाने खूप खपली. आज शहरातल्या दुकानात बाळाची झोळी गाडीच्या किमतीला मिळते. आपल्या आज्या हे ऐकून काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा.

कारण पोर घेऊन प्रवास करणं आपल्याला नवीन नाहीच. धनगरांचा वाडा निघतो तेव्हा घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकतं झालेलं कोकरू, आणि त्यातच चिंध्यांच्या मऊ घडीवर बसवलेलं मूल असतं. ऊसतोडीला जाणारी बाई बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, मांडीवर मूल घेऊन जाते आणि फडात लुगड्याची झोळी बांधते. पाटीत मूल घालून डोक्यावर नेणाऱ्या बायका आमच्यातल्या दोघींच्या आयाच आहेत. चाकंसुद्धा आपल्याकडे होती. पांगुळगाडा सुताराकडून करून घ्यायचो. पण त्यात फरक बघा. पांगुळगाडा मुलाला वाहून नेत नाही. मूलच त्याला ढकलतं आणि उभं राहायला शिकतं. वाहून न्यायला आपल्याकडे बाईची कंबर होती, म्हणून चाकाची गरज कुणाला वाटली नाही.

दुसरं कारण रस्त्याचं. बाबागाडी ही फूटपाथची लेक. लंडनला फूटपाथ होते, म्हणून ती तिथे चालली. आमच्या गावात देवळापासून शाळेपर्यंत जायचं, तर आधी फरशी, मग खडी, मग उघडं गटार, मग गोठ्यासमोरचा चिखल. तळहाताएवढी चाकं तिथे रुततात. मावशी म्हणतात ते या बाबतीत खरं आहे, गावात कडेवरच बरं.

पण आमच्या मैत्रिणीला गावात गाडी नकोच आहे. तिला ती हवी आहे एसटी स्टँडवर आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात. तिथे फरशी आहे, उतार आहे. मुलाला घेऊन निघालेल्या बाईसाठी आपल्याकडे काही झालंच नाही, असंही नाही. स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्याच नावाने. 2022 साली नागपूरच्या अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आल्या, तेव्हा विधानभवनातही असा कक्ष करावा लागला.

इंग्लंडातला एक खटला मात्र आम्हाला फार जवळचा वाटला. 2012 साली डग पॉली नावाचे गृहस्थ चाकाच्या खुर्चीतून बसमध्ये चढू लागले. खुर्चीसाठी राखलेल्या जागेत एका बाईने बाबागाडी लावलेली होती, आत मूल झोपलेलं. ड्रायव्हरने सांगितलं, गाडी मिटवून जागा द्या. ती म्हणाली, मिटत नाही. पॉलींना बस सोडावी लागली. खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2017 साली निकाल लागला, की ड्रायव्हरने नुसतं एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, त्याने आणखी प्रयत्न करायला हवा. आमच्यात यावर वाद झाला. झोपलेलं मूल उठवायचं म्हणजे काय असतं ते आईलाच ठाऊक. पण जो चालूच शकत नाही त्याने कुठे जायचं? आमच्या मैत्रिणीचं मूल तर दोन्हीकडे बसतं, बाबागाडीतही आणि त्या खुर्चीवाल्याच्या बाजूलाही. ती बोलली, "मिटणारीच घेऊ."

तर मग गाडी बघायला आम्ही तिघी तालुक्याला गेलो. जाण्याआधी तिने दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंना विचारून घेतलं होतं. ते फार चांगलं केलं. त्या म्हणाल्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या अगदी हलक्या गाडीत बैठक लोंबती असते, पाठ वाकते. याला सरळ आणि कडक पाठीची घ्या, खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणाऱ्या पाच पट्ट्यांची, आणि ती फक्त प्रवासापुरती. दिवसभर त्यात बसवून ठेवायचं नाही. अशा मुलांसाठी वेगळी खुर्ची असते, तीही पुढे लागेल. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा, एडीप योजनेत मोफत मिळू शकते. तान्ह्या बाळाचंही लक्षात ठेवा, मान धरत नाही आणि नीट बसता येत नाही तोवर, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, बसती गाडी नको. पूर्ण आडवी होणारीच लागते.

दुकानदाराने आधी रंग दाखवले, मग कप ठेवायची जागा दाखवली. आम्ही म्हटलं, मिटवून दाखवा. त्याला दोन्ही हात लागले आणि गुडघाही. ती बाजूला ठेवली. दुसरी एका हाताने मिटली, पण मिटून उभी राहिना. तिसरी सहा किलोची, मिटल्यावर खांद्याला अडकवायचा पट्टा, मागच्या दोन्ही चाकांना एकाच दांडीचा ब्रेक. गाडीवर पंधरा किलोपर्यंतच्या मुलाची खूण होती. आमचा गडी बाराचा, म्हणजे वर्षभर तरी चालेल. आम्ही त्यात बारा किलोची तांदळाची पिशवी ठेवून दुकानाच्या पायरीवर ब्रेक लावून बघितला. मग दांड्याला आमची भाजीची पिशवी अडकवली, पिशवी तशीच ठेवून तांदूळ उचलले, आणि गाडी मागे कलंडली. दुकानदार हसला, आम्ही नाही हसलो. मूल उचललं की दांड्याची पिशवी गाडी पाडते. तेव्हा पिशवी आपल्या खांद्यालाच. आणखी एक, ऊन लागतं म्हणून गाडीवर जाड पांघरूण टाकायचं नाही. आत हवा कोंडते आणि मूल उकडून निघतं. छत पुढे ओढायचं, नाहीतर छत्री धरायची.

किंमत तीन हजाराच्या जरा वर गेली. बैठकीत पुन्हा विषय आला, तेव्हा उचल मागणारी म्हणाली, मला वर्षभरच लागेल. त्यावर मावशीच बोलल्या, "मग कर्ज कशाला? गटाची म्हणून घ्या. मोठं पातेलं घेतलं, सतरंज्या घेतल्या, तशी ही." आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ठराव लिहिला. आधी तिच्या दवाखान्याच्या तारखा, उरलेल्या दिवशी ज्या सभासदाला लागेल तिला.

गाडी आता गटाच्या खोलीत सतरंज्यांशेजारी उभी असते. शेजारी वही टांगली आहे. वहीत आतापर्यंत सहा नोंदी आहेत. त्यातल्या चार दवाखान्याच्या, एक सोलापूरच्या रेल्वेची, आणि एक मावशींची. त्यांची नात पुण्याहून सुट्टीला आली होती. त्यांनी देवळापर्यंत नेऊन बघितली. येताना नात कडेवर होती आणि गाडी नातवाने ओढत आणली. पुढच्या डाव्या चाकात चिखल बसलाय, तो शनिवारी त्याच काढून देणार आहेत.